जाऊन उडाली

१६ नोव्हेंबर, रविवार

नीलू म्हणाली, "आजी, रोज दोन ओळी लिहीत जा. जशी बोलते तशीच लिही, कोणी तपासणार नाही." म्हणून लिहून राहिली. माझं शिक्षण चौथी, तेही गोंदियाकडच्या गावात, अर्धा वेळ बकऱ्यांच्या मागे. जोडाक्षर चुकलं तर चुकलं.

नीलू म्हणजे माझ्या प्रितमची मुलगी नीलिमा. पुण्याहून आली आहे, नाताळापर्यंत राहणार. ती शिकते काय, तर इजिप्तची जुनी भाषा. आताची नाही, पिरॅमिडवाल्यांची. ते लोक मेले, त्यांची पोरंबाळं मेली, ती भाषा बोलणारं कोणी उरलं नाही, आणि आमची नीलू जबलपूरला आधारतालच्या घरात स्वेटर घालून त्यांचं व्याकरण करून राहिली.

शेजारची गुप्ताइन काल गेटवर उभी राहून विचारते, "अम्मा, ये पढ़के नौकरी किस चीज़ की लगती है?"

मी म्हटलं, "मुर्दों से बात करने की. आपको कुछ पुछवाना हो तो बताओ."

ती जी घरात गेली ती आज विरजण मागायलाही आली नाही. फार हसलो आम्ही. माझी सून मीरा मात्र हसली नाही. म्हणे, "आई, तुमच्या जिभेला हाड नाही." असतं का कोणाच्या?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज गंमत झाली. मी अंगणात पापड उलटून राहिली होती. आतून नीलूचा आवाज, "पा... हां, पा... पा..." मी हातातले पापड टाकून धावत गेली. म्हटलं काय दाखवते पोरगी. आमच्या गावी "पा" म्हणजे पहा. "इकडे पा वो माय" असं म्हणतात. तर ही कानात बोंडं घालून पुण्याच्या मॅडमशी बोलत होती. मी दारात उभी, "काय पाहू? कुठं पाहू?"

दोघी अशा हसल्या. मॅडम फोनमधून म्हणाल्या, "नीलिमा, आजींना आपलं क्रियापद कळतंय."

मग नीलूनं मला सांगितलं. त्या भाषेत पा नावाचं एक क्रियापद आहे. क्रियापद मला माहीत आहे, चौथीत होतं. आता ह्या 'पा'चं असं की एक पा म्हणजे उडणं. लिहिताना पंख पसरलेल्या बदकाचं चित्र काढतात. तिनं मला काढून दाखवलं, छान होतं, चोच जरा कोंबडीसारखी झाली. आणि दुसरा एक पा आहे, तो फार कमी जागी सापडतो. तो एकटा येत नाही, दुसऱ्या क्रियापदाचं बोट धरून येतो, आणि त्याचा अर्थ "पूर्वी कधीतरी केलं". त्यालाही तेच बदक.

"आणि गंमत म्हणजे आजी, तो बहुतेक 'नाही' हा शब्द लावूनच येतो. मोठमोठे साहेब लोक आपल्या कबरीत कोरून ठेवायचे, ऐसा काम पहले कभी किसी ने किया ही नहीं."

मी म्हटलं, "मेल्यावरही फुशारकी?"

"मेल्यावरच," नीलू म्हणाली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मटार सोलायला बसलो. आपल्या जबलपूरच्या मटारसारखा गोड मटार कुठं नाही, हे नीलूचे पुण्याचे मित्रही मानतात. पाच किलो आणला प्रितमनं, रिछाईच्या फॅक्टरीतून येताना, रस्त्यावर ढीग लागलेले असतात. सोलता सोलता नीलू अर्धा खाते. खाऊ दे.

पण पोरीचा चेहरा उतरलेला होता. विचारलं तर म्हणे चौदा डिसेंबरला कॉम्प्युटरवर सभा आहे, देशोदेशीचे लोक बसणार. तिथं हिनं ह्या पाबद्दल आपलं म्हणणं मांडायचं. पटलं तर जर्मनीत दोन वर्षांची जागा. एकच जागा आहे आणि मागणारे पुष्कळ.

"मग मांड ना," मी म्हटलं.

"तेच जमत नाहीये. सगळे म्हणतात हे दोन पा वेगळे आहेत, बदक फक्त आवाजासाठी काढलंय. मला वाटतं एकच आहे, आजी. उडणं. जे झालं ते उडून गेलं, असं. जसं आपण म्हणतो करून राहिली. राहणं म्हणजे मुक्काम करणं ना? पण करून राहिली म्हटल्यावर कुठं कोण मुक्काम करतं? तसं उडण्याचं झालं असेल. पण जगातल्या कोणत्या भाषेत उडण्याचं असं झालंय, त्याचा एक तरी दाखला पाहिजे." मग माझ्याकडे वळली. "आजी, तुमच्या गावी असं म्हणत होते का? काम करून उडालो, म्हणजे कधीतरी पूर्वी केलं? आठव ना. म्हणत होते ना?"

असे डोळे लावून बसली. हातात शेंग, तोंड उघडं, लहानपणी गोष्ट ऐकताना बसायची तशी. मला घरात सगळे विचारतात, पण काय विचारतात? गॅस बंद केला का. गोळी घेतली का. दार कोण वाजवते. माझ्या गावी काय म्हणत होते हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "हो. म्हणायचे ना."

"कसं? सांग ना कसं?"

"असंच... मी बरगीला जाऊन उडाली. म्हणजे मी बरगीला गेलेली आहे, लई आधी."

नीलू उठली, मटार सगळे अंगणभर. माझ्या गळ्यात पडली. मग फोन काढून म्हणाली, परत बोल. मी परत बोलली. दुसऱ्यांदा तर इतकं सहज निघालं की मलाच वाटलं म्हणत असतील बा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नीलू सकाळपासून गुणगुणून राहिली आहे. आपल्या हातानं चहा केला, मलाही दिला, आलं घालून. खूप दिवसांनी असं हसतं घर झालं.

बरगीला मी गेलेली आहे हे खरं आहे. धरण पाहायला, यांच्यासोबत. तेवढं तर खरं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पुण्याच्या सुखदा मॅडमचा फोन आला, तोही माझ्यासाठी! आवाज फार गोड. म्हणाल्या, "आजी, तुम्ही जे सांगितलंत ते फार मोलाचं आहे. मला थोडं विचारायचंय." मी पदर नीट केला, फोनमध्ये दिसत नव्हतं तरी.

त्यांनी विचारलं, कालच्या गोष्टीला चालतं का? मी म्हटलं, छे, कालचं कसं चालेल. जुनं व्हावं लागतं. किती जुनं? मी म्हटलं, आठवलं की दुखणार नाही इतकं. त्या म्हणाल्या वा, आणि लिहून घेतल्याचा आवाज आला. 'नाही' लावून चालतं का? चालतं. मी विमानात बसून नाही उडाली. तेव्हा तर नीलूनं टाळीच वाजवली, कारण तिच्या 'पा'लाही 'नाही' लागतं.

मग विचारलं, "वारलेल्या माणसाबद्दल म्हणता का? म्हणजे आजोबा फॅक्टरीत काम करून उडाले, असं?"

मी म्हटलं, "नाही. मेलेल्याबद्दल नाही म्हणत."

"का हो?"

"नाही म्हणत," मी म्हटलं. मला जिभेवर घेववलं नाही. नियम वगैरे काही नव्हता. पण मॅडमनी तोही नियम म्हणून लिहून घेतला.

फोन ठेवल्यावर बोटांवर मोजलं. एका खोट्याला पाच पिल्लं झाली, आणि पाचही तंदुरुस्त.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रितमला नवा खेळ मिळाला आहे. कामावरून आला, बूट काढता काढता ओरडला, "मीरा, ताट नको, मी समोसे खाऊन उडालो."

मी आतून म्हटलं, "आताचं नाही म्हणत तसं! जुनं व्हावं लागतं."

म्हणून बसली आणि जीभ चावली. मीरा पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. ती बालाघाटची, म्हणजे आमच्या गावापासून काय लांब? मला म्हणते, अगदी हळू, "आई, मी पंचवीस वर्षं झाली ह्या घरात. तुम्हाला खाताना पाहिलं, भांडताना पाहिलं, झोपेत बोलताना ऐकलं. उडताना कधी नाही ऐकलं."

"तुझ्यासमोर गावची भाषा कशाला बोलू? तू हसशील."

"मी काही बोलणार नाही," मीरा म्हणाली. "पोरगी खूश आहे. पण चौदा तारखेला तिच्या तोंडून तुमचं जाईल, हे ध्यानात ठेवा." आणि पोळी तव्यावर अशी टाकली की भाजायच्या आधीच करपली असेल.

सुनेनं सासूला शहाणपण शिकवावं म्हणजे काय. पण रागही आला नाही. राग यायला आपण खरं असावं लागतं.

१ डिसेंबर, सोमवार

आज जे केलं ते लिहायची लाज वाटते.

साकोलीला माझी बहीण पंचफुला असते. दुपारी सगळे बाहेर होते, तिला फोन लावला. म्हटलं, "फुला, नीलूनं कधी विचारलं तर सांगशील, आपल्या गावी करून उडालो म्हणत होते."

"काहून वो? असं कोन म्हनते?"

"कोनी नाही म्हनत. तू म्हन."

"म्हंजे खोटं बोलू?"

"पोरीच्या जर्मनीचा सवाल आहे फुला."

मग म्हणाली, "तू लहानपनी कैऱ्या चोरून माह्या वटीत टाकत होती, आठवते? मार मलेच बसत होता." मग म्हणाली, "बरं. म्हनीन. नातीसाठी म्हनीन, तुह्यासाठी नाही."

आतापर्यंत एकटी होती. आता सत्तर वर्षांच्या बहिणीलाही ह्यात ओढलं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात गेलो सगळे, पांढरी साडी नेसून. नीलूही आली. बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, मग सगळे हात जोडून पंचशील म्हणायला बसलो. मला ते झोपेतही येतं. लग्न होऊन ह्या गावात आली तेव्हा हिंदीही येत नव्हती, पण विहारात बसलं की पंचशील तेच, गावी होतं तेच. अर्थ मोटामोटी ठाऊक. हिंसा नको, चोरी नको, तसं.

पहिली तीन शीलं नीट निघाली. चौथं आलं, मुसावादा, खोटं बोलण्याचं, तिथं मी आवाज काढलाच नाही. ओठ हलवले नुसते. शेजारी नीलू मोठ्यानं म्हणत होती म्हणून कोणाला कळलं नाही. पाचवं दारूचं, ते मी खणखणीत म्हटलं. त्यात माझा काही दोष नाही.

बाहेर आल्यावर नीलू म्हणाली, "आजी, गळा बसला का? थंडी बाधली." घरी येऊन हळदीचं दूध दिलं. ते दूध गिळताना जेवढा त्रास झाला तेवढा करेल्याच्या रसानं होत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

वाईट बातमी, म्हणजे त्यांच्या हिशेबानं चांगली. सुखदा मॅडम म्हणतात, सभेत आजींनी स्वतः यावं. दोन वाक्यं बोलावी. लोकांना जिवंत बोलणारं माणूस ऐकायला मिळेल. "पा बोलणारं तर कोणी मिळणार नाही," नीलू म्हणाली, "पर उडाली बोलनेवाली तो मेरे घर में है!"

संध्याकाळी मला ऑटोत घालून सदर बाजारला नेलं, शालीसाठी. दुकानदारानं विचारलं, "अम्मा जी, शादी है घर में?" नीलू म्हणाली, "नहीं भैया, दादी विदेशवालों के सामने बोलेंगी." त्यानं लगेच वरच्या फळीवरची काढली. जांभळी, काठाला बारीक वेल. नीलूनं आपल्या पैशानं घेतली. मग खव्याची जिलेबी खायला नेलं. गरम होती, चांगली होती, आणि मी एक तुकडा अर्धा तास चघळत बसली. नीलू म्हणाली, "आजी, घाबरली काय? तू बस जैसी है वैसी बोल."

जशी आहे तशी. पोरीला काय ठाऊक मी कशी आहे.

१० डिसेंबर, बुधवार

नीलूनं पंचफुलाला फोन केला. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, सगळं ऐकू आलं. फुलानं कमाल केली. म्हणे, "हो हो बाई! आमच्याकडे तर सगळेच उडतेत! तुहा मावसआजा तर नागपूर करून उडाला, दिल्ली करून उडाला! लगन करून उडाला!"

नीलू हसली. पण मग जरा थांबून विचारलं, "पण मावशीआजी, मावसआजोबा तर वारले ना? आजी म्हणते गेलेल्या माणसाबद्दल असं म्हणत नाहीत."

तर फुला म्हणे, "आवाज नाही येऊन राहिला बाई, टावर गेला," आणि फोन कट.

नीलू बराच वेळ फोन हातात घेऊन बसली. आत येऊन माझ्यासमोर पाटावर बसली. मेथीची एक काडी घेतली, पानं खुडली. मला वाटलं विचारेल. तिनं विचारलं एवढंच, "आजी, मेथीचे पराठे करशील ना?"

बरं झालं तिला काही कळलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

झालं. सांगून टाकलं.

परत मटारच होता. तिचं लक्ष नव्हतं, आज एकही दाणा खात नव्हती. मला काही सुचेना, म्हणून म्हटलं, "नीलू, एक विचारू? पंचशीलात शेवटी प्रत्येक वेळी समादियामि येतं. ते काय आहे?"

"क्रियापद," ती म्हणाली. "पालीचं. मी अंगी घेते, असा अर्थ."

"त्यात मी कुठं आहे?"

"शेवटी आहे ना. समादियामि. तो मि म्हणजे मी. तूच. जो म्हणतो तो."

मला आजवर वाटायचं तो नुसता आवाज आहे. ओळ संपल्याची खूण, घंटा वाजवतात तशी. इतकी वर्षं मी हात जोडून मी, मी म्हणत होती आणि मलाच माहीत नव्हतं की माझंच नाव घेऊन राहिली.

म्हटलं, "नीलू, आमच्या गावी कोणी करून उडालो म्हणत नव्हतं. मी बनवून सांगितलं. फुलालाही मीच शिकवलं."

ती सोलतच होती. एक शेंग, दुसरी शेंग. मग म्हणाली, "सगळंच? ते आठवलं की दुखणार नाही, तेही?"

"तेही."

"आणि मेलेल्या माणसाबद्दल नाही म्हणत, ते?"

मी म्हटलं, "ते बनवलेलं नाही. म्हणजे... बनवलेलंच. पण ते मला खरंच म्हणता येत नाही."

तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, मला शिव्या दे. ओरड. म्हटलं तर सभेत जाऊन बोलते बा मी दोन वाक्यं, कोणाला काय कळतं जर्मनीत, तू काही ऐकलंच नाही असं समज. हे बोलताना आतून मला वाटत होतं की हिनं हो म्हणावं. हेही लिहून ठेवते. वाटत होतं.

नीलू म्हणाली, "मीच चूक केली. मी विचारलंच तसं. म्हणत होते ना, असं विचारलं. उत्तर तर मीच तुझ्या तोंडात टाकलं होतं."

मला समजलं नाही ती काय म्हणाली. मोठं मन आहे, माझा दोष आपल्यावर घेते. आजोबांवर गेली आहे. मग उठून खोलीत गेली आणि दार लावलं. जोरात नाही. जोरात लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

मटार मी एकटीनं सोलला. मीरा येऊन शेजारी बसली, तिनं अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. "सांगितलं?" "सांगितलं." "मग आता चहा घ्या," म्हणाली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नीलू बोलत नाही. जेवली.

१४ डिसेंबर, रविवार

सभा झाली. नीलू बैठकीत कॉम्प्युटरसमोर, आम्ही तिघं स्वयंपाकघरात, दार अर्धं उघडं. शाल घडी करून कपाटात आहे, लेबल अजून तसंच. प्रितम कुकरची शिटी वाजू नये म्हणून कुकरजवळ पहारा देऊन उभा.

ती इंग्रजीत बोलली. मला समजायचं काहीच कारण नाही, पण मध्ये मध्ये पा, पा, ऐकू येत होतं, आणि प्रत्येक वेळी माझी मान आपसूक तिकडे वळत होती. नंतर एका म्हाताऱ्या साहेबानं काही विचारलं, लांबलचक. नीलूनं उत्तर दिलं.

मागून मी विचारलं, काय म्हणाला तो? तीन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "त्यांनी विचारलं, आधी पाठवलेल्या कागदात तुझ्या घरच्या बोलीचा दाखला होता, तो कुठं गेला?"

"मग?"

"मी म्हटलं, काढला. तो खरा नव्हता. मला ते दोन्ही पा एक हवे होते म्हणून मला तो ऐकू आला. बदक आवाजासाठीच आहे, आतापर्यंत तरी."

"माझं नाव घेतलं?"

"नाही आजी."

घेतलं असतं तरी चाललं असतं. खरं तर घ्यायला पाहिजे होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जर्मनीची जागा एका मुलाला मिळाली, कुठल्या देशाचा आहे कोण जाणे. सुखदा मॅडमनी नीलूला कळवलं. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. नीलू म्हणते दाखला ठेवला असता तरी मिळाली नसती. मीराही म्हणते. प्रितम तर म्हणतो बरं झालं, तिकडे मटार मिळत नाही. सगळे मला समजावून राहिले, आणि जेवढं समजावतात तेवढं मला दिसतं की समजावण्यासारखं काहीतरी झालं आहे.

गुप्ताइन विरजण मागायला आली. "नौकरी लगी बिटिया की?" मी म्हटलं, "मेरी वजह से रह गई." ती समजली नाही, विरजण घेऊन गेली.

२१ डिसेंबर, रविवार

विहारात गेली. चौथं शील मोठ्यानं म्हटलं. शेवटी मि आलं तेव्हा इतका आवाज लागला की पुढच्या बाईनं वळून पाहिलं. नीलू शेजारी होती. तिनं माझा हात धरला नाही, पण कोपर माझ्या कोपराला लावून ठेवलं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

नीलू आज गेली. स्टेशनवर डब्यात बसल्यावर खिडकीशी आली. मटार सोलून दिलाय, डबा भरून, रात्री कच्चाच खाईल. सुरू व्हायच्या आधी म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी आले की तुझ्या गावचं खरं खरं काय म्हणायचे ते सांग. सगळं. मी कुछ नहीं पूछूँगी, तू बोलायचं, मी ऐकायचं."

मी म्हटलं, "त्यात इजिप्तच्या कामाचं काही नसेल."

"नसू दे," म्हणाली.

२८ डिसेंबर, रविवार

दुपारी फोन आला. "आजी, होस्टेलवर पोहोचून उडाली!" आणि हसली, खळखळून, पहिल्यासारखी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तसं नाही म्हणत. आत्ताचं नाही. जुनं व्हावं लागतं."

ती म्हणाली, "हो आजी. जुनं व्हावं लागतं." आणि इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

ह्या घरात आता तो शब्द राहणार असं दिसतं. प्रितम रोज म्हणतो, मीराच्याही तोंडून काल एकदा निघाला, दूध तापवून उडाली म्हणाली आणि स्वतःच कपाळावर हात मारला. मी तो खोटाच जन्माला घातला आणि तो चालायला लागला. त्याला आता परत कुठं ठेवू?

मी बसून विचार केला, त्याच बोलीत म्हणून पाहावं. मी खोटं बोलून उडाली. म्हणजे बोलली होती बा कधीतरी, लई आधी, सरलं ते. दोनदा म्हणून पाहिलं. बसत नाही. नियम मीच सांगितला ना मॅडमला, आठवलं की दुखणार नाही इतकं जुनं पाहिजे.

अजून नाही म्हणता येत.